फर्दर एज्युकेशन कॉलेजांतील शिक्षक-संशोधन

शिकवणाऱ्यानेच आपल्या वर्गातला प्रश्न घेऊन त्याचा पद्धतशीर शोध घेण्याची, इंग्लंडमधील फर्दर एज्युकेशन कॉलेजांत हळूहळू रुजलेली प्रथा. या कॉलेजांत सोळा वर्षांपुढची मुले आणि प्रौढ प्लंबिंग, केशकर्तन, बालसंगोपन यांसारखे व्यवसाय शिकतात. शिकवणारे बरेचदा त्याच धंद्यात मुरून आलेले असतात. संशोधन हे विद्यापीठातल्यांचे काम, ही समजूत त्यामुळे पक्की.

मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांनी १९४६ मध्ये मांडलेले कृतिसंशोधन, म्हणजे कामात बदल करून पाहणे, परिणाम तपासणे आणि त्यावरून पुन्हा बदल करणे, हा या प्रथेचा एक पाया. शिक्षक हाच संशोधक, हा आग्रह ईस्ट अँग्लिया विद्यापीठातील लॉरेन्स स्टेनहाउस यांनी १९७५ च्या सुमारास धरला. तो मुख्यतः शाळांसाठी होता. कॉलेजांतल्या मंडळींना एकत्र आणणारे लर्निंग अँड स्किल्स रिसर्च नेटवर्क १९९७ मध्ये सुरू झाले. पुढे या क्षेत्रातल्या शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे काम पाहणाऱ्या एज्युकेशन अँड ट्रेनिंग फाउंडेशनने संडरलँड विद्यापीठाच्या साथीने शिक्षकांना एम.फिल.पर्यंत नेणारा कार्यक्रम चालवला.

प्रश्न वर्गातूनच उगवतात. जीसीएसईला, म्हणजे सोळाव्या वर्षाच्या सुमारास होणाऱ्या शालान्त परीक्षेला, गणितात किमान श्रेणी न मिळालेल्या सोळा ते अठरा वयाच्या मुलांनी तो विषय शिकत राहावे, ही २०१४ पासून कॉलेजाच्या अनुदानाची अट आहे. नापासाचा शिक्का बसलेली मुले पुन्हा त्याच अपूर्णांकांपुढे बसतात. सुतारकामाची मुले लाकूड मापताना जे बिनचूक करतात ते कागदावर का अडते, हे शिक्षिका त्यांच्या वह्या आणि बोलणे टिपून तपासू शकते. मग पद्धत बदलायची आणि पुन्हा टिपायचे.

एकट्यादुकट्याच्या उत्साहावर संस्कृती उभी राहत नाही. वेळापत्रकात राखीव तास नसेल तर संशोधन रविवारवर जाते आणि दुसऱ्या सत्रात बंद पडते. त्याहून मोठी अडचण भीतीची. वरिष्ठ मागे बसून तासाला श्रेणी देणार असतील, तर आपले कुठे अडते हे कोण उघड करील? प्राचार्यांनी फर्मान काढून ‘प्रत्येकी एक प्रकल्प’ मागितला की अहवाल येतात, शोध येत नाही. (आपल्याकडच्या बी.एड.च्या कृतिसंशोधनाचेही बरेचदा असेच होते.)

एका वर्गातला निष्कर्ष दुसऱ्या कॉलेजाला जसाच्या तसा लागू पडत नाही, हा आक्षेप रास्त आहे. संमतीचा प्रश्नही नाजूक: गुण देणाऱ्या शिक्षिकेनेच विचारल्यावर विद्यार्थी नाही म्हणायला कचरतो. म्हणून संमती पुष्कळदा दुसऱ्या सहकाऱ्याकरवी घेतली जाते.