छत्री तशीच, पण मुलगा कुठाय?

फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेचं 'छत्रीवाली बाई' हे चित्र फिरत फिरत दर थोड्या दिवसांनी माझ्यापर्यंत येतं. खाली ठरलेला मजकूर: चित्रकाराची बायको वारली, पुढे तिचा चेहराही त्याला आठवेना, म्हणून त्याने तो कोरा सोडला. मग रडक्या इमोजींची रांग. चित्रातली मुलगी मोनेची बायको नव्हेच, हे कुणी सांगायला गेलं की तोच अरसिक ठरतो.

या नावाची चित्रं दोन वेळची आहेत. पहिलं १८७५चं. त्यात मोनेची पत्नी कामीय आणि मुलगा ज्याँ. मोने कुटुंब तेव्हा पॅरिसजवळ सीनच्या काठी आर्जाँतयला राहत होतं. हे चित्र वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. दुसरी जोडी १८८६ची, जिव्हर्नी गावाजवळची: एकीत तरुणी डावीकडे वळलेली, दुसरीत उजवीकडे. ही सुझान ओशदे, तेव्हा १८ वर्षांची. मोने ज्या आलिस ओशदेबरोबर राहत होता आणि जिच्याशी त्याने १८९२ मध्ये लग्न केलं, तिची ही मुलगी. ही दोन्ही चित्रं पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहेत. कामीय १८७९ मध्येच गेली होती. आकार, वळण, मफलर वगैरे फरक ज्याला हवेत त्याने मोजत बसावं.

खरा फरक त्या पोराचा आहे, आणि नेमकं तिकडेच कुणी बघत नाही. ज्याँ तेव्हा सात-आठ वर्षांचा. चित्रात तो डावीकडे, जरा मागे, उंचवट्याच्या पलीकडे उभा आहे. कमरेखालचा भाग गवताआड गेलेला. डोक्यावर हॅट, गालांवर लालसर रंग. बाकी सगळं चार-दोन फटकाऱ्यांत उरकलेलं. पण एवढ्यावरच अख्खं चित्र तोललेलं आहे. तो अर्धा झाकला गेलाय म्हणून कळतं की टेकाड तिथे संपतं आणि पलीकडे जमीन उतरते. तो एवढासा दिसतो म्हणून आई आणि त्याच्यामधलं अंतर जाणवतं. आपण खाली उतारावर आहोत, आई वर, आणि तो तिच्याही पलीकडे. अंगठ्याने त्याला झाकून बघा. मागे नुसतं आभाळ उरतं आणि कामीय एकदम पुतळ्यासारखी उभी राहते.

शिवाय नजर. कामीयच्या चेहऱ्यावरून वाऱ्याने उडालेली हॅटची जाळी गेली आहे, तरी डोळे दिसतात आणि ते आपल्याकडे लागलेले आहेत. मुलगाही इकडेच बघतोय. फिरायला निघालेल्या दोघांना कुणीतरी खालून हाक मारली असावी, असं वाटतं. इथे माणसं आहेत, घरचीच आहेत. अंगावर पडलेली सावली आणि बाहीवर उमटलेला गवताफुलांचा पिवळा रंगसुद्धा त्यांच्याच फिरण्याचा भाग वाटतो.

अकरा वर्षांनी मोनेने तीच मांडणी घेतली: खालून बघणं, गवत, वारा, छत्री. मुलगा मात्र वगळला, नजर वगळली, चेहराही जवळजवळ पुसला. कारण विरहाचं नाही, कामाचं आहे. उघड्यावरची माणसं निसर्गदृश्यासारखी रंगवायची, असा प्रयत्न त्या सुमारास चालू असल्याचं त्याने स्वतः पत्रात लिहिलं आहे. चित्रांच्या मूळ फ्रेंच नावातही 'उघड्यावरच्या आकृतीचा प्रयत्न' असंच म्हटलंय. सुझानचा चेहरा ढगाइतकाच महत्त्वाचा ठरला, म्हणजे ढगासारखाच रंगवला गेला. जुन्या चित्राची आठवण त्याच्या मनात असेलच, ते मी नाकारत नाही. पण समोर उभ्या असलेल्या जित्याजागत्या मुलीला दुसऱ्या कुणाचं भूत ठरवणं हा सुझानवर अन्याय आहे.

घोळात भर घालतात ते छापणारे. कुशनवर, मगवर बसवताना वॉशिंग्टनचं चित्र डावीकडून कापतात आणि पहिला बळी ज्याँचा जातो. उरलेली कामीय लांबून सुझानसारखीच दिसते, आणि मग चुकीचं नाव चिकटायला कितीसा वेळ लागतो! असलं कापलेलं चित्र मी भिंतीला लावणार नाही, कुणी भेट दिलं तरी.

मला विचाराल तर १८७५चंच चित्र थोर. १८८६ची जोडी हुशार आहे, देखणी आहे, पण तिच्यासमोर मी फार वेळ रेंगाळत नाही.

पॅरिसला गेलात आणि सुझानच्या मागे पोरगा सापडेना, तर ऑर्सेमध्येच १८७३चं 'खसखशीची फुलं' शोधा. लाल फुलांच्या उतारावर बाई आणि मूल अशी जोडी पुढे आहे आणि तशीच दुसरी वर टेकाडावर. पुढची दोघं बहुधा कामीय आणि ज्याँच. मूल फुलांत जवळजवळ बुडालेलं आहे, तेव्हा जरा थांबून बघा.