जुन्या मोटारगाडीतील कुलंटगळतीचा शोध

पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनातील कुलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव, बोलण्यात नुसते ‘पाणी’) कुठून, कोणत्या स्थितीत आणि कशामुळे कमी होते, हे ठरवण्याची तपासणी. रेडिएटर, त्याचे झाकण, रबरी होज (नळ्या), पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर उघडणारा व्हॉल्व्ह), इंजिनाचा ब्लॉक (सिलिंडर असलेला मुख्य भाग) व त्यावर बसणारे हेड यांतील पोकळ्या आणि असल्यास केबिनमधला हीटर असा हा एकच बंद मार्ग असतो. लहान गाडीत त्यात जेमतेम तीन-चार लिटर द्रव मावतो. पाणी खाणारी गाडी रोज वरून भरून महिनोन् महिने चालवता येते, आणि इंजिनाचे खरे नुकसान याच सवयीने होते. भर घालत राहिल्याने कुलंट पातळ होत जाते, त्यातली गंजरोधक द्रव्ये संपतात आणि एक भोक बुजवायच्या आत दुसरे तयार होऊ लागते.

गळती समजून घ्यायची तर आधी दाब समजून घ्यावा लागतो. रेडिएटरचे झाकण हा खरे तर दाबाचा व्हॉल्व्ह असतो. त्यावर बहुधा ०.९ किंवा १.१ असा आकडा कोरलेला असतो. तो किलो प्रति चौरस सेंटिमीटरमधला दाब. साधे पाणी समुद्रसपाटीला १०० अंश सेल्सिअसला उकळते, पण ०.९ च्या झाकणाखाली ते सुमारे ११९ अंशांपर्यंत तग धरते. झाकणाचे रबर कडक झाले की हा आधार जातो. वाईहून पसरणीचा घाट चढून महाबळेश्वरला पोहोचलेल्या गाडीत तर पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळू लागते, कारण तिथे हवेचा दाबच कमी असतो. अशी गाडी घाटात पाणी बाहेर फेकते आणि दोष रेडिएटरला दिला जातो. झाकणात आत हवा घेणारा आणखी एक छोटा व्हॉल्व्ह असतो. तो अडकला तर गाडी थंड झाल्यावर वरचा होज चपटा होऊन बसतो. ही खूण एकदा पाहिली की विसरत नाही. झाकण हा या मार्गातला बहुधा सर्वांत स्वस्त भाग आहे, तरी तपासणीत तो हमखास शेवटी आठवतो.

दाब आणि तापमान बदलले की गळतीही बदलते, म्हणून उभ्या, थंड गाडीखाली वाकून पाहणे पुरेसे ठरत नाही. काही गळत्या फक्त गरम इंजिनात होतात : ॲल्युमिनियम लोखंडापेक्षा जास्त प्रसरण पावते, त्यामुळे दोन धातूंच्या जोडावरचे पॅकिंग तापल्यावर सरकते किंवा भेग उघडते. काही नेमक्या उलट वागतात. निफाडकडच्या थंडीत पहाटे होजच्या क्लॅम्पखालून थेंब पडतो आणि गाडी तापली की रबर फुगून गळती बंद होते. दुपारी गॅरेजमध्ये नेल्यावर तिथे काहीच सापडत नाही. गळती दिसली नाही म्हणून ती नाही, असा निष्कर्ष म्हणूनच काढू नये. ती कोणत्या वेळी होते हे मालकाला ठाऊक असते. मेकॅनिकने ते आधी विचारून घ्यायला हवे.

पहिले काम मोजमापाचे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत, सपाट जागेवर, सकाळी ओव्हरफ्लोच्या बाटलीवर (रेडिएटरमधले जास्तीचे पाणी जिथे साठते तिच्यावर) पेनाने खूण करायची आणि रोज त्याच वेळी पातळी पाहायची. गरम गाडीतली पातळी द्रव प्रसरण पावल्यामुळे वर चढलेली असते, तिची थंड पातळीशी तुलना होत नाही. बाटली भरलेली दिसली तरी रेडिएटर रिकामा असू शकतो, म्हणून थंड इंजिनावर झाकण उघडून आतही पाहावे. जुन्या पिढीतील अनेक गाड्यांना अशी बाटलीच नसते. रेडिएटरच्या गळ्यापासून निघालेली बारीक नळी थेट रस्त्यावर सुटते. अशा गाडीत काठोकाठ भरलेले पाणी तापल्यावर जास्तीचे बाहेर पडणारच. दर वेळी गळ्याखाली ठरावीक पातळीवर ते स्थिरावत असेल, तर ती गळती नव्हे.

जमिनीवरच्या ओल्या डागाचीही शहानिशा करावी लागते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत चालू एसीखाली पाण्याचे थारोळे साचते. ते वास नसलेले शुद्ध पाणी असते. इथिलीन ग्लायकॉलचे कुलंट बोटांना बुळबुळीत लागते, गोडसर वास देते आणि वाळल्यावर हिरवट, गुलाबी किंवा पांढरट पापुद्रा मागे ठेवते. हा वाळलेला पापुद्रा ओल्या थेंबापेक्षा जास्त विश्वासार्ह साक्षीदार असतो, कारण तो मूळ जागेजवळ राहतो. थेंब मात्र चेसिसवरून ओघळत जातो, पंख्याच्या वाऱ्याने मागे उडतो आणि भलत्याच ठिकाणी पडतो. त्यामुळे ओलाव्याचा सर्वांत वरचा आणि सर्वांत पुढचा बिंदू शोधायचा. तेल-धुळीने माखलेले इंजिन आधी धुऊन वाळवले, तरच हा माग लागतो.

यानंतरची खात्रीची पद्धत म्हणजे दाबचाचणी. थंड इंजिनात पाणी पूर्ण भरून रेडिएटरच्या गळ्यावर हातपंप बसवतात आणि झाकणावरच्या आकड्याइतकाच दाब देतात. त्याहून जास्त दिला तर चांगला भागही फुटू शकतो. दहा-पंधरा मिनिटांत काटा उतरला की कुठेतरी वाट आहे. इंजिन बंद असल्याने पंख्याचा आवाज नसतो, फुसफुस ऐकू येते आणि टॉर्च घेऊन निवांत पाहता येते. तरी ही चाचणी थंड इंजिनावरची आहे, गरम गळती ती चुकवू शकते. गाडी तापवून, मग बंद करून पुन्हा पाहणे त्यासाठी आवश्यक असते.

शोधाच्या जागा गाडीच्या वयाप्रमाणे बदलतात. कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीच्या काळातले तांब्या-पितळेचे रेडिएटर जोडावर गळत, आणि रेडिएटरवाला त्यांना डाग देऊन (सोल्डरने जोडून) पुन्हा चालू करी. तो रेडिएटर सोडवून, तोंडे बंद करून, हवा भरून हौदात बुडवतो. पंक्चरवाल्याकडच्या ट्यूबसारखे बुडबुडे जागा दाखवतात. नंतरच्या गाड्यांत ॲल्युमिनियमची जाळी आणि तिला दाबून बसवलेल्या प्लास्टिकच्या टाक्या आल्या. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने हे प्लास्टिक ठिसूळ होते, होजच्या तोंडापाशी केसासारखी चीर पडते किंवा टाकी आणि जाळीमधले रबर वाळते. यावर एम-सील थापणे ही घरी पोहोचण्यापुरती सोय आहे, दुरुस्ती नव्हे.

पंपाच्या अंगावर खालच्या बाजूला एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेले असते. आतले सील गेले की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता या भोकातून बाहेर यावे, यासाठी ते असते. तिथे ओघळ दिसला की पंपाचे आयुष्य संपत आले असे समजावे. भोक बुजवणे हा शुद्ध अपराध आहे : पाणी मग बेअरिंग खाते, आणि जिथे पंपाच्याच दांड्यावर पंखा असतो तिथे बेअरिंग तुटल्यास तो पंखा रेडिएटरमध्ये घुसू शकतो. होज दाबून पाहावेत. मऊ पडलेला, फुगलेला किंवा क्लॅम्पच्या काठाशी चिरलेला होज बदलावा. उभ्या गाडीतले होज उंदीर-घुशीही कुरतडतात. कोअर प्लग म्हणजे ब्लॉक ओतताना राहिलेली भोके झाकणाऱ्या पत्र्याच्या टोप्या. वर्षानुवर्षे साधे पाणी भरलेल्या इंजिनात त्या आतून गंजतात; पुढची टोपी सहज दिसते, गिअरबॉक्सच्या आड असलेली मात्र गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय हाती लागत नाही. हीटर असलेल्या गाडीत पायाखालचा गालिचा चिकट ओला होणे आणि काचेवर आतून तेलकट धुके येणे ही हीटर फुटल्याची लक्षणे.

बाहेर कुठेच ओल नाही आणि पातळी तरी घटते, तेव्हा संशय इंजिनाच्या आत जातो. हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉक यांच्यामधले पॅकिंग) जळले असेल तर सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतो : थंड इंजिन सुरू करताच मिनिटभरात वरचा होज ताठ होतो, रेडिएटरच्या उघड्या तोंडात सतत बुडबुडे येतात. उलट दिशेने पाणी सिलिंडरमध्ये गेले तर सायलेन्सरमधून दाट पांढरा, गोडसर वासाचा धूर निघतो आणि एखादाच स्पार्क प्लग धुतल्यासारखा स्वच्छ दिसतो. ऑइलच्या झाकणाखालचा दुधी थर मात्र एकट्याने पुरावा मानू नये. पावसाळ्यात फक्त जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या धडधाकट गाडीतही तो साठतो. खात्रीसाठी ब्रोमोथायमॉल ब्लू या निळ्या द्रावणातून रेडिएटरच्या तोंडावरची हवा ओढतात. त्या हवेत जळालेल्या इंधनाचा कार्बन डायऑक्साइड असेल तर निळा रंग पिवळा होतो. हेड उतरवण्याचा खर्च सांगण्यापूर्वी ही साधी परीक्षा झालीच पाहिजे. कार्ब्युरेटरच्या काही इंजिनांत इनटेक मॅनिफोल्ड (हवा-इंधनाचे मिश्रण सिलिंडरकडे नेणारी नळी) उबदार ठेवण्यासाठी त्यातूनही पाणी फिरवलेले असते; तिथले पॅकिंग गेले तरी पाणी सिलिंडरमध्ये जाते आणि हेड विनाकारण उघडले जाते.

अगदी बारीक गळतीसाठी कुलंटमध्ये चमकणारा रंग मिसळतात. गाडी काही दिवस नेहमीसारखी चालवायची आणि मग अंधारात अतिनील किंवा निळ्या दिव्याखाली पाहायचे. गळतीची वाट पिवळसर हिरवी उजळते. ठरावीक वेळीच होणारी गळती पकडायला ही उत्तम पद्धत आहे, कारण मेकॅनिक समोर नसतानाची घटनाही ती नोंदवून ठेवते.

रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा रस्त्यावरचा उपाय भारतभर चालतो. तिचे कण फुगून भोकात अडकतात, म्हणून तो तात्पुरता लागू पडतो. पण तेच कण रेडिएटरच्या बारीक नळ्या आणि हीटरही तुंबवतात, आणि बोअरच्या जड पाण्याचा खार साचलेल्या इंजिनात त्यांची भर म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात गाडी तापण्याची तयारी. बाजारातल्या गळतीरोधक पुड्या आणि बाटल्यांचेही थोड्याफार फरकाने हेच.

इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. दाब सुटताच पाणी एकदम उकळून चेहऱ्यावर येते. काही गाड्यांत चावी काढल्यावरही विजेवरचा पंखा अचानक फिरू लागतो, म्हणून हात लावण्यापूर्वी त्याची तार सोडवावी. तापमानाचा काटा खाली आहे एवढ्यावर निर्धास्त राहू नये : पाणी सेन्सरच्या खाली गेले की तो वाफेत उघडा पडतो आणि इंजिन जळत असतानाही काटा उतरतो. इथिलीन ग्लायकॉल विषारी असते आणि चवीला गोड असल्याने कुत्री-मांजरे ते चाटतात. सांडलेले कुलंट लगेच पुसावे, जुने गटारात ओतू नये.

दुरुस्तीनंतर पाणीमार्गातील हवा काढणे राहिले, तर हेडमध्ये अडकलेला बुडबुडा नव्या गळतीसारखाच वागतो : गाडी तापते, पाणी बाहेर पडते, पातळी घटते. म्हणून रेडिएटरचे तोंड उंच राहील अशी गाडी उभी करून, हीटर असल्यास तो पूर्ण उघडून, झाकण न लावता थंड इंजिन सुरू करतात आणि थर्मोस्टॅट उघडेपर्यंत, म्हणजे साधारण ८२ ते ९० अंशांपर्यंत, थोडे थोडे कुलंट भरत जातात. पहिल्या एक-दोन दिवसांत पातळी किंचित उतरणे स्वाभाविक असते. त्यानंतरही सकाळची खूण खाली जात राहिली, तर दाबचाचणी पुन्हा करावी लागते.