चौकोन, बाण आणि खालची फाइल

क्लाउडवरच्या ॲप्लिकेशनची पहिली आवृत्ती बहुधा फळ्यावर जन्मते: चार चौकोन, पाच-सहा बाण. मग फळा पुसला जातो आणि तेच सगळं कुणीतरी शेकडो ओळींच्या फाइलमध्ये पुन्हा लिहून काढतं. चौकोन माउसने ओढून जोडता येणारी साधनं ही दुहेरी मेहनत वाचवायला आली.

कल्पना जुनीच. पडद्यावर थेट रेखाटू देणारा इव्हान सदरलँडचा स्केचपॅड हा प्रोग्राम १९६३ चा. १९८६ मध्ये आलेल्या लॅबव्ह्यूमध्ये तारा जोडून प्रोग्राम तयार व्हायचा. वेबवरची माहिती चौकोन जोडून गाळणारं याहू पाइप्स २००७ ते २०१५ चाललं; उपकरणं आणि सेवा तशाच जोडणारं नोड-रेड आयबीएममधून २०१३ मध्ये निघालं. तरी सराईत प्रोग्रामर अशा साधनांकडे खेळणं म्हणूनच बघत, आणि ते अगदीच चूक नव्हतं. काम वाढलं की पडद्यावर बाणांचा गुंता होई, आणि काल-आज काय बदललं हे चित्रावरून कळत नसे.

नोव्हेंबर २०१४ मध्ये ॲमेझॉनने लॅम्डा जाहीर केलं आणि गणित बदललं. स्वतः सर्व्हर न सांभाळता कोडचा छोटा तुकडा, म्हणजे फंक्शन, चालवून देणारी ही ‘सर्व्हरलेस’ सेवा. सुरुवातीला एक फंक्शन जास्तीत जास्त ६० सेकंद चाले (२०१८ पासून १५ मिनिटं). साहजिकच कामाचे तुकडे पडले आणि मध्ये रांगा, टेबलं, स्टोरेज आलं. कोड आटला, जोडण्या वाढल्या. शिवाय प्रत्येक जोडणीला परवानगी लागते. ती राहून गेली की फंक्शन बरोबर असूनही अडतं, आणि चूक कोडमध्ये शोधत दिवस जातो. थोडक्यात, प्रोग्राम बाणांमध्ये जाऊन बसला.

या जोडण्या टेम्प्लेट नावाच्या फाइलमध्ये लिहायला ॲमेझॉनचं क्लाउडफॉर्मेशन २०११ पासून होतं. २०१६ मध्ये सॅम या त्याच्या थोडक्या लेखनपद्धतीने ते लेखन आटोपशीर केलं. दरम्यान २०१५ मध्ये टेम्प्लेट चित्रातून मांडणारा क्लाउडफॉर्मेशन डिझायनर आला. पण चौकोन पडद्यावर कुठे आहे, हेसुद्धा तो टेम्प्लेटमध्येच नोंदवायचा. चौकोन जरा सरकवला की फाइल बदलली! कोड तपासणाऱ्याने त्यात काय वाचायचं?

पोर्टलंडच्या स्टॅकरी या कंपनीचा भर याच जोडण्या चित्रातून उभ्या करण्यावर होता. ॲमेझॉनने ती २०२१ मध्ये घेतली. पुढच्याच वर्षी, डिसेंबर २०२२ मध्ये, ॲमेझॉनचा ॲप्लिकेशन कंपोझर आला. त्यात दोन कार्डं, म्हणजे चौकोन, जोडली की लागणारी परवानगी टेम्प्लेटमध्ये आपोआप लिहिली जाते. माझ्या मते ओढाओढीपेक्षा मोलाची गोष्ट ही.

ॲमेझॉनच्याच स्टेप फंक्शन्सचा वर्कफ्लो स्टुडिओ (२०२१) किंवा मायक्रोसॉफ्टचं लॉजिक ॲप्स हे वेगळं घराणं. तिथे कामाचा क्रम रेखाटतात, रचना नाही.

कंपोझर २०२३ मध्ये व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरमध्येही आला आणि सर्व्हरलेसपलीकडचे घटकही मांडू लागला. २०२४ मध्ये त्याचं नाव इन्फ्रास्ट्रक्चर कंपोझर झालं. मूळ मानली जाते ती फाइलच. ती हाताने बदलली, तर चित्र तिच्यामागून बदलतं.