इंटरलेस चित्रणावरील मराठी अक्षरे

इंटरलेस व्हिडिओवर, म्हणजे ज्यात प्रत्येक चित्र दोन अर्ध्यांत टिपलेले असते त्यावर, शीर्षक, नावे किंवा धावती पट्टी चढवली की अक्षरे थरथरतात, कडा फाटतात, पट्टी अडखळते. पाल (PAL) या आपल्याकडच्या जुन्या टीव्ही पद्धतीत चित्राच्या ५७६ ओळी दिसतात. त्या सम आणि विषम अशा दोन फील्डांत (अर्ध्या चित्रांत) वाटलेल्या असतात आणि सेकंदाला ५० फील्ड येतात, म्हणून लागून असलेल्या दोन ओळी १/५० सेकंदाच्या फरकाने टिपलेल्या असतात. मराठवाड्यात लग्नाच्या किंवा हरिनाम सप्ताहाच्या जुन्या व्हीएचएस, मिनीडीव्ही फिती संगणकावर उतरवून त्यांवर नावे टाकताना हा प्रश्न हमखास येतो. स्थानिक केबलवर अन्नदात्यांची नावे किंवा सोयाबीन-तुरीचे भाव फिरवतानाही तो येतो.

देवनागरीला त्रास जास्त. शिरोरेखा एकाच ओळीएवढी बारीक असेल तर ती एकाच फील्डात येते आणि सेकंदाला २५ वेळा लुकलुकते. शब्दभर सलग असल्याने ते लगेच खुपते. काना आणि दंड उभे असल्यामुळे आडव्या पट्टीत फील्डांचा मेळ चुकला की त्यांना कंगव्यासारखे दात फुटतात. म्हणून ठळक फाँट घ्यावा, शिरोरेखा किमान दोन, शक्यतो तीन ओळींची ठेवावी, अनुस्वार आणि रफार त्याहून बारीक नसावेत. अक्षरांना एका पिक्सेलचा उभा ब्लर (धूसरपणा) दिला की लुकलुक बरीच थांबते. निळ्यावर लाल अक्षरे टाळावीत. डीव्हीमध्ये (मिनीडीव्ही फितीच्या स्वरूपात) रंगाचा तपशील निम्म्याच ओळींपुरता साठतो, त्यामुळे कडा विरतात. पांढरी अक्षरे, काळी किनार हेच बरे.

फील्डांचा क्रम हे चुकांचे मोठे मूळ. डीव्हीत खालचे फील्ड आधी येते, १०८०आय (१०८० ओळींच्या इंटरलेस) एचडीमध्ये वरचे. क्रम उलटा लागला की हलणारी वस्तू पुढे-मागे उडी मारते. पट्टी स्थिर असेल तर ही चूक अक्षरांत दिसत नाही, म्हणून वरातीसारखे हलते दृश्य लावून तपासावे. चित्र एक ओळ वर-खाली सरकवले किंवा वरून विषम संख्येने ओळी कापल्या तरी क्रम उलटतो. व्हीएचएसच्या तळाशी दिसणारा गोंधळ कापण्यापेक्षा पट्टीनेच झाकावा.

खात्रीचा मार्ग असा: आधी फीत मूळ ७२० × ५७६ आकारातच उतरवावी. मग यादिफ (yadif) किंवा बीडब्ल्यूडिफ (bwdif) या इंटरलेस सोडवणाऱ्या सॉफ्टवेअर-गाळणीने प्रत्येक फील्डाचे एक चित्र करून सेकंदाला ५० चित्रे करावीत. २५ केल्यास निम्मी हालचाल जाते आणि पट्टी झटके खाते. आकार वाढवायचा तर तो यानंतरच. इंटरलेस चित्र तसेच ताणले तर दोन्ही फील्ड एकमेकांत मिसळतात आणि ते नंतर सुटत नाहीत. अक्षरे सगळ्यांत शेवटी, याच ५० चित्रांवर. मोबाईलसाठी तसेच ठेवावे, केबलला इंटरलेस हवे असेल तरच पुन्हा फील्ड करावीत.

पट्टीचा वेग पूर्ण पिक्सेलांत असावा. आडवी पट्टी प्रत्येक फील्डाला २ पिक्सेल सरकली तर ७२० पिक्सेलांचा पडदा ७.२ सेकंदांत पार होतो. खालून वर जाणाऱ्या नामावलीत गणित वेगळे: फील्डाला १ किंवा ३ ओळी वेग दिला तर अक्षराच्या त्याच त्या निम्म्या ओळी दिसत राहतात, उरलेल्या कधीच दिसत नाहीत. २ किंवा ४ ओळी ठेवाव्यात. हे संगणकाच्या पडद्यावर कळत नाही, कारण तिथे संपादनाचे सॉफ्टवेअर बऱ्याचदा एकच फील्ड दाखवते. शेवटची तपासणी जिथे कार्यक्रम दिसणार त्या टीव्हीवरच करावी.