आकडा घसरला म्हणून लगेच मीठ घालू नका
समुद्री मत्स्यटाकीत खारेपणाचा प्रोब (पाण्यात बुडवून ठेवायचा सेन्सर) वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

काल कंट्रोलरवर (प्रोबचा आकडा दाखवणाऱ्या यंत्रावर) 35 पीपीटी (हजार भागांत मिठाचे भाग) होते, आज 33 दिसते आहे. अशा वेळी हात आपोआप मिठाच्या डब्याकडे जातो. तिथेच थांबा, ही आमची कळकळीची विनंती आहे. पाणी वाफेने उडते, मीठ उडत नाही, म्हणून आपोआप आकडा वाढतो, घटत नाही. 200 लिटरच्या टाकीचा खारेपणा 35 वरून 33 वर यायला साधारण 12 लिटर गोडे पाणी जादा पडावे लागते. तुमच्या टाकीत एवढे पाणी कुठून आले? ऑटो टॉप-ऑफ (उडालेल्या पाण्याची गोड्या पाण्याने भरपाई करणारे यंत्र) अडकून सुरूच राहिला, स्किमरने (फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राने) बरेच खारे पाणी बाहेर फेकले आणि त्याची भरपाई गोड्या पाण्याने झाली, किंवा कुठे गळती आहे, असे काही सापडले तर आकडा खरा असेल. काहीच सापडले नाही, तर आधी प्रोब तपासा. आमच्याकडे ‘बिघडला’ म्हणून येणारे पुष्कळ प्रोब मुळात बिघडलेले नसतात.

प्रोब नेमके काय मोजतो

प्रोबला मीठ दिसत नाही. त्याच्या टोकाशी असलेल्या इलेक्ट्रोडमधून पाण्यात अगदी बारीक विद्युतप्रवाह सोडला जातो आणि तो किती सहज वाहतो, एवढेच मोजले जाते. समुद्राच्या 35 पीपीटी पाण्याची विद्युतवाहकता 25 अंश सेल्सियसला सुमारे 53 मिलिसिमेन्स प्रति सेंटीमीटर असते. प्रवाहाच्या वाटेत काही आडवे आले की आकडा बदलतो, मिठाचा एक कणही इकडचा तिकडे झालेला नसला तरी.

सर्वांत जास्त आडवे येतात ते बुडबुडे. हवेतून वीज वाहत नाही, म्हणून इलेक्ट्रोडजवळ एखादा बुडबुडा चिकटला तरी आकडा खाली येतो. प्रोब स्किमरच्या किंवा रिटर्न पंपाच्या (पाणी मुख्य टाकीत परत चढवणाऱ्या पंपाच्या) तोंडाशी नको. संपमध्ये (उपकरणे ठेवायच्या खालच्या टाकीत) जिथे पाणी शांतपणे पण सतत वाहते आणि पातळी हलत नाही, अशी जागा शोधा. टोक पूर्ण बुडलेले असू द्या. प्रोब थोडा तिरका लावला तर बुडबुडे टोकाशी अडकून राहत नाहीत. काचेला किंवा तळाला चिकटवूनही लावू नका, कारण इलेक्ट्रोड उघडे असलेल्या प्रोबमध्ये काचही प्रवाहाची वाट अडवते.

तापमानाचा परिणामही मोठा असतो. पाणी एक अंशाने तापले की वाहकता साधारण 2 टक्क्यांनी वाढते. कंट्रोलर तापमानाची दुरुस्ती करत नसेल, तर एका अंशामागे 0.7 पीपीटीची खोटी वाढ दिसते. दिवे लागल्यावर रोज आकडा चढतो आणि रात्री उतरतो, अशी तक्रार असेल तर आधी तापमान-दुरुस्तीची सेटिंग पाहा आणि तापमानाचा सेन्सरही बरोबर आहे ना, याची खात्री करा.

कॅलिब्रेशन

कॅलिब्रेशन म्हणजे ठाऊक आकड्याच्या द्रावणावर प्रोब जुळवून घेणे. इथे घाई केली तर पुढचे सगळे आकडे चुकतात. आधी प्रोब आरओ-डीआय (गाळून क्षार काढलेल्या शुद्ध) पाण्याने धुवा, पूर्ण कोरडा करा आणि हवेत धरून शून्य नोंदवा. मग 53 मिलिसिमेन्सचे द्रावण घ्या. द्रावणाची न फोडलेली पुडी किंवा झाकणबंद छोटी बाटली आधी संपच्या पाण्यात तरंगत ठेवा, म्हणजे द्रावण टाकीच्या तापमानाला येईल. प्रोब आत घालून हलकेच हलवा, बुडबुडे सुटू द्या, आणि आकडा स्थिर झाल्याशिवाय नोंद करू नका. याला काही मिनिटे लागतात.

वापरलेले द्रावण परत बाटलीत ओतू नका. उघडे राहिलेल्या द्रावणातले पाणी उडून ते घट्ट होते. अशा द्रावणावर प्रोब जुळवला की टाकीचा आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसतो, तुम्ही मीठ घालता, आणि पडद्यावर 35 दिसत असताना प्रवाळ त्याहून खाऱ्या पाण्यात राहतात. या एका चुकीची आम्हाला सर्वांत जास्त काळजी वाटते, कारण ती पडद्यावर कधीच दिसत नाही.

आकडा उड्या मारतो तेव्हा

टाकीतलेच पाणी एका प्लास्टिकच्या कपात घ्या, कप संपमध्ये तरंगत ठेवा आणि प्रोब कपात धरा. कपात आकडा स्थिर राहिला आणि टाकीत नाचत असेल, तर दोष प्रोबचा नाही, जागेचा किंवा आसपासच्या विजेच्या उपकरणांचा आहे. पंप आणि हीटर एकेक करून बंद करून पाहा. प्रोबची वायर विजेच्या वायरींपासून लांब न्या. काही कंट्रोलरमध्ये शेजारचा पीएच प्रोबही गडबड करतो, तो थोडा वेळ बाहेर काढून बघा. एखादे उपकरण बंद करताच आकडा शांत झाला, तर त्यातून पाण्यात वीज उतरत असण्याची शक्यता आहे. ते उपकरण तपासून घेतल्याशिवाय पुन्हा लावू नका. हा प्रश्न आकड्यापुरता नाही, तुमच्या जिवाचा आहे.

आकडा आठवडे-महिने हळूहळू खाली सरकत असेल, तर टोकावर शेवाळ किंवा चुन्याचा थर बसला आहे असे समजा. पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन प्रोबचे टोक अर्धा तास भिजवा, मऊ ब्रशने अलगद साफ करा आणि आरओ-डीआय पाण्याने नीट धुवा. इलेक्ट्रोडवर काळा प्लॅटिनम थर असेल तर ब्रश लावू नका, फक्त भिजवा. साफसफाईनंतर कॅलिब्रेशन पुन्हा करावेच लागते.

दुसरे मत

हाताशी एक रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वाकतो यावरून खारेपणा दाखवणारे साधन) ठेवा. तो नुसत्या गोड्या पाण्यावर शून्य करून भागत नाही, 35 पीपीटीच्या द्रावणावर जुळवून घ्या. दोन्ही साधनांनी खारेपणा बदलल्याचे सांगितले तरच मीठ किंवा पाणी घाला, तेही दिवसाला 1 पीपीटीपेक्षा जास्त फरक पडणार नाही अशा बेताने. 0.3-0.4 ची रोजची हालचाल सोडून द्या. 200 लिटरमधले 2 लिटर पाणी उडाले तरी एवढा फरक पडतो.

प्रोब काढून ठेवायचा असेल तर धुऊन कोरडा ठेवा. पीएच प्रोबसारखा तो ओला ठेवावा लागत नाही. आमच्याकडे पाठवण्याआधी ताज्या द्रावणात तो काय आकडा दाखवतो, द्रावणाचे तापमान किती होते आणि कपाच्या चाचणीत काय दिसले, हे चिठ्ठीवर लिहून सोबत द्या.