स्पूल टेपरेकॉर्डर, व्यावसायिक : देखभाल

रेडिओ केंद्रे, ध्वनिमुद्रण स्टुडिओ आणि चित्रपटांचे ध्वनिविभाग यांत वापरल्या गेलेल्या, उघड्या रिळांवरच्या चुंबकीय फितीवर चालणाऱ्या यंत्रांची साफसफाई, जुळवणी आणि दुरुस्ती. आपल्याकडे या यंत्राला सरसकट ‘स्पूल’ म्हणतात. जर्मनीच्या एईजी कंपनीने १९३५ मध्ये बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात मॅग्नेटोफोन हे फितीवर ध्वनी मुद्रित करणारे यंत्र दाखवले. युद्धानंतर तेच तंत्र अमेरिकेत गेले आणि १९४८ मध्ये ॲम्पेक्सचे ‘मॉडेल २००’ आले. पुढे स्वित्झर्लंडच्या स्टुडरची मोठी यंत्रे स्टुडिओंत स्थिरावली, तर कुडेल्स्कीचे खांद्याला अडकवायचे नाग्रा बाहेरच्या चित्रीकरणासाठी नावाजले. ही यंत्रे उघडून दुरुस्त करता यावीत अशीच बांधलेली होती. म्हणून तर पन्नास वर्षांपूर्वीचे स्टुडर ए८० आजही चालू स्थितीत सापडते. मात्र त्याची काळजी घ्यायची तर कामाचा क्रम पाळावा लागतो. तो उलटा केला की यंत्र सुधारण्याऐवजी बिघडते.

पहिले काम साफसफाईचे. ते किरकोळ वाटते, पण त्यामागचे गणित कडक आहे. फीत सेकंदाला ३८ सेंमी. वेगाने धावत असेल, तर १५ किलोहर्ट्‌झच्या स्वराची फितीवरची लहरलांबी सुमारे २५ मायक्रॉन भरते. फीत आणि हेड (फितीवर ध्वनी भरणारा व वाचणारा चुंबकीय भाग) यांच्यामध्ये या लांबीच्या दहाव्या भागाइतके, म्हणजे अडीच मायक्रॉनचे अंतर पडले तरी तो स्वर सुमारे साडेपाच डेसिबेलने घटतो. माणसाचा केस याच्या वीसपट तरी जाड असतो. फितीवरून झडलेली तपकिरी भुकटी हेडवर साचली की तानपुऱ्याची जवारी आधी मरते. ऐकणाऱ्याला वाटते, मुद्रणच जुने आहे.

हेड, फितीला वाट दाखवणारे खांब आणि फीत ओढणाऱ्या कॅपस्टनचा दांडा कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसतात. काडी ओली हवी, ठिबकणारी नको. अल्कोहोल दांड्यावरून बेअरिंगमध्ये उतरले तर तिथले तेल धुऊन नेते. फीत कॅपस्टनवर दाबून धरणाऱ्या रबरी पिंच रोलरसाठी अल्कोहोल टाळलेले बरे. सौम्य साबणाचे पाणी चालते, पण रोलर पूर्ण कोरडा झाल्याशिवाय फीत लावू नये. रबर चकचकीत व कडक झाले असेल, किंवा उलट डांबरासारखे चिकट झाले असेल, तर ते पुसत बसण्यात अर्थ नाही, रोलरच बदलावा.

यानंतर हेड आणि खांब यांतले साठलेले चुंबकत्व काढायचे. ते राहिले तर प्रत्येक फेरीत फितीवरचे वरचे स्वर थोडेथोडे पुसले जातात आणि खरखर वाढते. यंत्र बंद ठेवून, सगळ्या फिती लांब नेऊन, डिमॅग्नेटायझर (चुंबकत्व काढणारे उपकरण) दूरवर चालू करावा, हळूहळू जवळ आणावा, प्रत्येक धातूच्या भागावरून फिरवावा आणि तितक्याच सावकाश दूर नेऊन मगच बंद करावा. घाईत हेडजवळच बटण बंद केले, तर होते त्यापेक्षा जास्त चुंबकत्व मागे राहते. हे काम जुळवणीच्या आधीच करायचे, कारण जुळवणीला लागणारी प्रमाणित फीत महाग असते आणि चुंबकलेल्या हेडवरून गेली की तीच खराब होते.

जुळवणीत आधी वाचन (म्हणजे फीत वाजवणे), मग मुद्रण. वाचनाची बाजू प्रमाणित फितीवर नीट झाली, की तिला कसोटी धरून मुद्रणाची बाजू लावतात. प्रमाणित फितीवर ठरलेल्या चुंबकीय पातळीचे स्वर असतात, आणि ही पातळी वेगवेगळ्या परंपरांत १८५, २५० किंवा ३२० नॅनोवेबर प्रति मीटर अशी वेगळी असते. समकारी वक्रही, म्हणजे खालच्या-वरच्या स्वरांच्या पातळीचा तोल साधणारे प्रमाणही, एक नाही. ३८ सेंमी. वेगाला युरोपीय आयईसी पद्धत ३५ मायक्रोसेकंदांची, तर अमेरिकी नॅब ५० आणि ३१८० मायक्रोसेकंदांची. यंत्र एका पद्धतीचे आणि फीत दुसरीची असली तर आवाज ‘जवळपास’ बरोबर येतो. ही चूक वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही ती यामुळेच. प्रमाणित फीत चढवण्याआधी मुद्रणाचे बटण सुरक्षित केले आहे का, हे दोनदा पाहावे. ही फीत पुसली गेल्याच्या कथा या व्यवसायात सर्वत्र ऐकू येतात.

अझिमथ म्हणजे हेडमधल्या फटीचा फितीच्या दिशेशी असलेला कोन. तो बरोबर नव्वद अंश लागतो. स्क्रू फिरवत वरचा स्वर सर्वांत मोठा होईल तिथे थांबायचे, एवढाच नियम सांगितला जातो, पण त्यात फसगत आहे. मुख्य शिखराच्या दोन्ही बाजूंना खोटी शिखरे असतात. म्हणून आधी १ किलोहर्ट्‌झवर साधारण जागा गाठून मग १० आणि पुढे जावे, आणि दोन्ही वाहिन्यांची कला (फेज) लहरी पडद्यावर दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवर ताडून पाहावी. मुद्रणाच्या बाजूला बायस लावायचा असतो, म्हणजे ध्वनीसोबत फितीला द्यायचा उच्च वारंवारतेचा प्रवाह. १० किलोहर्ट्‌झचा स्वर मुद्रित करत बायस वाढवत नेला की पातळी शिखर गाठते आणि मग उतरू लागते. किती डेसिबेल उतरल्यावर थांबायचे हे फितीचा प्रकार, वेग आणि हेडची फट यांवर ठरते. फितीचा मेक बदलला की हे सगळे पुन्हा करायचे.

वेगाचा प्रश्न भारतात वेगळ्या रीतीने भेटतो. जुन्या काही यंत्रांची कॅपस्टन मोटर विजेच्या वारंवारतेशी बांधलेली असते. अमेरिकेतल्या ६० हर्ट्‌झसाठी बनलेले असे यंत्र इथल्या ५० हर्ट्‌झवर पाच-षष्ठांश वेगाने चालते. काळी चारमध्ये गाणारी गायिका मग पांढरी चारच्याही किंचित खाली ऐकू येते.

इलेक्ट्रॉनिक भागात वयाचा फटका मुख्यतः कपॅसिटरना बसतो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वाळतात. स्टुडरच्याच रेव्हॉक्स नावाच्या यंत्रांत सापडणारे रिफाचे कागदी कपॅसिटर तडकून धूर सोडतात. अनेक वर्षे बंद पडलेले यंत्र थेट प्लगला लावू नये. आधी ब्रेक, पट्टे, कपॅसिटर पाहून मग जमेल तिथे डिमरस्टॅटवर (विजेचा दाब कमी-जास्त करणाऱ्या उपकरणावर) दाब हळूहळू चढवावा.

यंत्र चांगले असूनही फीतच ते बंद पाडते, असेही होते. १९७० च्या दशकापासूनच्या काही फितींतला, उदाहरणार्थ ॲम्पेक्स ४५६ मधला, पॉलियुरेथेनचा बंध हवेतली आर्द्रता शोषून सुटतो. फीत चिकट होते, किंचाळते, हेडवर लगदा सोडते. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात वातानुकूलनाशिवाय ठेवलेल्या रिळांना हा धोका अधिक, शिवाय बुरशी आहेच. अशी फीत सुमारे ५४ अंश सेल्सिअसला काही तास मंद भाजून काढतात. ती काही आठवडे वाजवता येते, तेवढ्यात तिची डिजिटल प्रत करून घ्यायची. ॲसिटेटच्या जुन्या फितीला मात्र हा उपाय चालत नाही. ती भाजल्याने खराब होते. व्हिनेगरसारखा वास येत असेल तर फीत ॲसिटेटची समजावी.

संग्रहातली रिळे वाजवताना यंत्र प्रमाणित ठेवून भागत नाही. मूळ मुद्रण ज्या यंत्रावर झाले त्याचे अझिमथ वाकडे असेल तर वाचनाचे हेडही तितकेच वाकडे करावे लागते. शहाण्या ध्वनिमुद्रकाने रिळाच्या सुरुवातीला कसोटीचे स्वर भरून ठेवले असतील तर ते काम पाच मिनिटांचे, नाहीतर कानाने. ते रीळ संपले की स्क्रू पुन्हा प्रमाणित जागी आणावा. तोवर यंत्रावर ‘अझिमथ हलवले आहे’ अशी चिठ्ठी चिकटवून ठेवतात.