कर्क क्रीकच्या सागरी कड्यावर मुक्काम: आरक्षण, पात्रता आणि कागदपत्रे

कॅलिफोर्नियाच्या बिग सर किनाऱ्यावर, मॉन्टेरे काउंटीत, प्रशांत महासागराच्या पाण्यापासून सुमारे 100 फूट उंचीच्या मोकळ्या कड्यावर कर्क क्रीक हे कॅम्पग्राउंड आहे. ते लॉस पाद्रेस राष्ट्रीय वनात, म्हणजे संघराज्याच्या वन सेवेच्या अखत्यारीत येते. हे आधीच सांगण्याचे कारण असे, की दक्षिणेकडील साउथ कार्ल्सबाड आणि सॅन एलिहो ही कड्यावरचीच कॅम्पग्राउंड राज्याच्या पार्क खात्याकडे आहेत. त्यांचे आरक्षण ‘रिझर्व्ह कॅलिफोर्निया’ या निराळ्या संकेतस्थळावर होते आणि संघराज्याचा सवलत पास तेथे चालत नाही. अनेक कुटुंबे या एका गोष्टीपाशी चुकतात.

कर्क क्रीकचे आरक्षण ‘रिक्रिएशन डॉट गव्ह’ या संकेतस्थळावर करावे लागते. त्यासाठी खाते हवे आणि आरक्षण करणाऱ्याचे वय किमान 18 वर्षे हवे. आगमनाच्या तारखेच्या सहा महिने आधी, पॅसिफिक वेळेनुसार सकाळी 7 वाजता, त्या तारखेच्या जागा खुल्या होतात. म्हणजे 15 जुलैला पोहोचायचे असेल, तर 15 जानेवारीच्या सकाळी सातच्या ठोक्याला तयार राहायला हवे. उन्हाळ्यातील शनिवार-रविवारच्या जागा पाहता पाहता संपतात. म्हणून आदल्या दिवशीच खात्यात शिरून पत्ता व कार्डाचा तपशील भरून ठेवावा आणि दोन-तीन जागांचे क्रमांक कागदावर लिहून ठेवावेत. निवडलेली जागा पैसे भरण्यासाठी 15 मिनिटे राखून ठेवली जाते, त्यामुळे जागा हाती लागल्यावर घाई करण्याचे कारण नाही; नाव आणि तारखा पुन्हा एकदा वाचून मगच पैसे भरावेत.

जागा निवडताना केवळ छायाचित्रावर विसंबू नये. महामार्ग क्रमांक 1 कॅम्पग्राउंडला अगदी लागून जातो, त्यामुळे काही जागांवर लाटांइतकाच गाड्यांचाही आवाज येतो. याउलट कड्याच्या टोकाकडील जागेवरून समुद्र थेट समोर दिसतो, पण सावली जवळपास नसते आणि वारा अडवायलाही काही नसते. तंबूच्या दोऱ्या सैल राहिल्या, तर रात्रभर कापड फडफडत राहते आणि झोप लागत नाही. लहान मुले बरोबर असतील, तर कड्यापासून दूरची जागा घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. किनाऱ्यावरील कड्यांची माती ठिसूळ असते आणि वरून भक्कम दिसणारी कडा खालून पोखरलेली असू शकते. कर्क क्रीकला पिण्याच्या पाण्याची सोय नाही; सगळे पाणी बरोबर न्यावे लागते.

मुक्कामासाठी नागरिकत्वाची अट नाही, परंतु भाड्यातील सवलतीसाठी आहे. 62 वर्षे पूर्ण झालेल्यांचा सीनियर पास आणि कायमस्वरूपी अपंगत्व असलेल्यांचा ॲक्सेस पास फक्त अमेरिकेचे नागरिक व कायम रहिवासी यांनाच मिळतो. त्यामुळे पर्यटक व्हिसावर आलेल्या आई-वडिलांचे वय 62 च्या पुढे असले, तरी त्यांच्या नावाने पास काढता येत नाही. सीनियर पास आजीवन 80 डॉलरला किंवा वर्षासाठी 20 डॉलरला मिळतो. ॲक्सेस पास विनामूल्य असतो, मात्र ऑनलाइन मागवल्यास प्रक्रिया शुल्क पडते. सीनियर पाससाठी वय आणि वास्तव्य सिद्ध करणारी कागदपत्रे लागतात, ज्यात ग्रीन कार्ड चालते. ॲक्सेस पाससाठी त्याबरोबर डॉक्टरांचे सही केलेले निवेदन किंवा सरकारी यंत्रणेचे अपंगत्वाचे पत्र जोडावे लागते. सवलत पासधारक स्वतः ज्या जागेवर राहणार तिच्या भाड्यापुरतीच असते. आरक्षण शुल्क पूर्ण भरावे लागते.

जाताना आरक्षणाच्या पुष्टीपत्राची छापील प्रत, छायाचित्र असलेले ओळखपत्र आणि सवलत घेतली असल्यास मूळ पास जवळ ठेवावा. छापील प्रतीचा आग्रह अशासाठी, की या पट्ट्यात मोबाइलला रेंज मिळेल याचा भरवसा नसतो.

बेत बदलला, तर वेळेत कळवणे फायद्याचे ठरते. आगमनाच्या दोन दिवस किंवा त्याहून आधी रद्द केल्यास 10 डॉलर कापले जातात. आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी रद्द केल्यास पहिल्या रात्रीचे भाडेही जाते. आणि न कळवता गैरहजर राहिल्यास 20 डॉलर व पहिल्या रात्रीचे भाडे गमवावे लागते. शिवाय वेळेत सोडलेली जागा दुसऱ्या एखाद्या कुटुंबाला मिळते, हेही लक्षात असू द्यावे.

निघण्याआधी राज्याच्या वाहतूक खात्याच्या संकेतस्थळावर महामार्ग क्रमांक 1 ची स्थिती अवश्य पाहावी. मे 2017 मध्ये मड क्रीक येथे डोंगर कोसळल्यानंतर तो रस्ता जुलै 2018 पर्यंत बंद होता. दक्षिणेकडून येण्याची वाट अडली, तर उत्तरेकडून यावे लागते, आणि त्या वळशात दिवसाचे अनेक तास जातात.